दूरचित्रवाणी प्रेक्षकांना खरोखर बदलते का? संशोधनातून मिळालेली उत्तरे

मालिकांतील कलहामुळे घरे बिघडतात, हाणामारीची दृश्ये पाहून मुले आक्रमक होतात, जाहिरातींमुळे खेड्यांतील गरजा वाढतात, अशी विधाने संसदेतील चर्चेपासून शाळेतील पालकसभेपर्यंत सर्वत्र ऐकू येतात. दूरचित्रवाणीमुळे आरोग्याविषयी जागृती झाली, स्त्रियांना आत्मविश्वास आला, शेतकऱ्यांना नवे ज्ञान मिळाले, असे विधानही तितक्याच ठामपणे केले जाते. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु पडद्यावर जे दाखवले जाते ते प्रेक्षक जसेच्या तसे स्वीकारतो, हे गृहीतक दोन्हींच्या मुळाशी आहे.

गेल्या सहा दशकांहून अधिक काळ जगभरातील समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ हे गृहीतक तपासत आले आहेत. या संशोधनात भारताचा वाटा मोठा असून त्याचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातून जातो. हा विषय केवळ विद्यापीठांपुरता मर्यादित नाही. कार्यक्रमांवरील निर्बंध, लोकशिक्षणासाठी खर्च होणारा सार्वजनिक निधी आणि मुलांच्या वेळेबाबत पालकांनी घ्यावयाचे निर्णय हे सारे याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

प्रेक्षकसंख्या आणि परिणाम यांतील फरक

दूरचित्रवाणीविषयी सर्वाधिक परिचित आकडा म्हणजे टीआरपी. निवडक घरांतील संचांना उपकरण जोडून कोणता कार्यक्रम किती वेळ पाहिला गेला याची नोंद घेतली जाते आणि त्यावरून एकूण प्रेक्षकसंख्येचा अंदाज बांधला जातो. भारतात २०१५ पासून हे काम प्रामुख्याने बार्क ही संस्था करते. जाहिरातींचे दर ठरवण्यासाठी या आकड्यांचा उपयोग होतो.

मात्र संच सुरू होता यावरून पाहणाऱ्याने काय ग्रहण केले, हे कळत नाही. कार्यक्रम पाहिला जाणे, तो समजणे, त्यातील माहिती लक्षात राहणे, त्यामुळे मत बदलणे आणि शेवटी वर्तन बदलणे या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर प्रेक्षकांची संख्या घटत जाते. टीआरपी केवळ पहिली पायरी मोजते, तर परिणामांच्या संशोधनाचा विषय उरलेल्या चार पायऱ्यांचा आहे.

सुरुवात पुणे आकाशवाणीपासून

प्रसारणाचा परिणाम शास्त्रीय पद्धतीने मोजण्याचा भारतातील एक आरंभीचा मोठा प्रयत्न दूरचित्रवाणी येण्यापूर्वीच झाला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रमांची मालिका प्रसारित करण्यात आली. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोता मंडळे स्थापन झाली. मंडळाचे सदस्य आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व त्याचे नेतृत्व समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्याकडे होते.

या अभ्यासाची रचना आजही आदर्श मानावी अशी होती. मंडळे असलेल्या गावांबरोबरच, रेडिओ संच आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि संचच नाही अशी गावेही तुलनेसाठी निवडण्यात आली. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या गावांमध्ये ज्ञानात झालेली वाढ इतर दोन्ही प्रकारच्या गावांपेक्षा बरीच अधिक होती. केवळ रेडिओ असलेल्या गावांमध्ये तेवढा लाभ दिसला नाही. प्रसारण तेच होते. त्यानंतर होणाऱ्या चर्चेने मोठा फरक घडवला होता.

पुढे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी प्रसारणाला प्रारंभ झाला, तेव्हा सामूहिक दर्शनाचा हाच विचार टेलिक्लबच्या रूपाने पुढे नेण्यात आला.

साइट : उपग्रहाद्वारे खेड्यांपर्यंत

त्यानंतरचा टप्पा ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगाचा होता. डॉ. विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून आकाराला आलेला हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर चालला. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी उपलब्ध झाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये सामुदायिक संच बसवण्यात आले. जाळीच्या ॲंटेनाद्वारे हे संच थेट उपग्रहाकडून संदेश ग्रहण करत. दररोज सुमारे चार तास प्रसारण होई. सकाळी शालेय मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी आरोग्य, शेती, कुटुंबनियोजन तसेच मनोरंजनाचे कार्यक्रम असत.

इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने प्रयोगाइतकेच महत्त्व त्याच्या मूल्यमापनाला दिले. प्रयोगापूर्वी, प्रयोगकाळात आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणावर पाहण्या करण्यात आल्या. शिवाय मानवशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले संशोधक काही खेड्यांत प्रत्यक्ष राहिले व त्यांनी गावातील घडामोडींच्या नोंदी ठेवल्या. मानवशास्त्रज्ञ बिनोद अग्रवाल यांचे या कामातील योगदान विशेष उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष संमिश्र होते. सुरुवातीच्या कुतूहलामुळे जमणारी गर्दी काही काळाने ओसरली आणि नियमित प्रेक्षकांचा लहान गट उरला. आरोग्य आणि स्वच्छता यांविषयीच्या माहितीत वाढ दिसून आली. ही वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि साक्षरांपेक्षा निरक्षरांमध्ये अधिक होती. वर्तमानपत्र किंवा सरकारी कर्मचारी यांच्यापर्यंत ज्यांची पोहोच नव्हती, त्यांना या माध्यमाचा लाभ सर्वाधिक झाला, असा त्याचा अर्थ होतो. शेतीच्या नव्या पद्धतींच्या स्वीकारात मात्र तसा ठळक फरक आढळला नाही. एकाच वेळी अनेक जिल्ह्यांसाठी प्रसारित होणारा सल्ला प्रत्येक गावाची माती, पाणी आणि पीक यांच्याशी जुळणे कठीण होते. सांगितलेले बियाणे किंवा खत जवळच्या बाजारात मिळेलच याची शाश्वती नव्हती. उकळलेले पाणी प्यावे हा सल्ला घरातल्या घरात अमलात आणता येतो, परंतु पीकपद्धती बदलण्यासाठी पैसा, पाणी आणि जोखीम पत्करण्याची क्षमता लागते. संदेशाचा परिणाम तो अमलात आणण्याच्या साधनांवर अवलंबून असतो, हा साइटचा महत्त्वाचा धडा ठरला.

‘हम लोग’ आणि भागवंती

मनोरंजनाच्या माध्यमातून समाजशिक्षण ही कल्पना भारतात ‘हम लोग’ या मालिकेने रुजवली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात सामाजिक संदेश गुंफलेल्या मालिका यशस्वी करून दाखवल्या होत्या. त्या धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका ७ जुलै १९८४ पासून १७ डिसेंबर १९८५ पर्यंत दूरदर्शनवर दाखवली गेली. तिचे १५६ भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी थोडक्यात संवाद साधत. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षकांनी नाराजी दर्शवली. त्यानंतर कथानकाला प्राधान्य देण्यात आले आणि मालिका अत्यंत लोकप्रिय झाली. प्रेक्षकांची पत्रे लाखोंच्या संख्येने आली. त्यांत पात्रांना सल्ला देणारी पत्रेही होती.

अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी १९८७ मध्ये या मालिकेच्या परिणामांची पाहणी केली. त्यासाठी दिल्ली परिसर, मद्रास आणि पुणे येथील एक हजाराहून अधिक प्रौढांच्या मुलाखती घेण्यात आल्या. हिंदी, तमिळ आणि मराठी भाषक प्रेक्षकांची तुलना करता यावी, हा या निवडीमागील हेतू होता. याखेरीज पटकथांचे आणि निवडक पत्रांचे विश्लेषणही करण्यात आले.

या अभ्यासातील सर्वाधिक चर्चिला गेलेला निष्कर्ष मालिकेतील आईच्या, भागवंतीच्या, व्यक्तिरेखेविषयी आहे. मुकाट्याने सारे सोसणारी ही स्त्री अनुकरणीय ठरू नये, तिची अवस्था पाहून प्रेक्षकांनी स्त्रीच्या दुय्यम स्थानाविषयी विचार करावा, अशी निर्मात्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना भागवंती आदर्श वाटली. तिचा त्याग आणि सोशिकता यांचे त्यांनी कौतुक केले, आणि त्यांत स्त्रियांचाही समावेश होता. स्त्रियांच्या स्थानाविषयीच्या मतांवर मालिकेचा परिणाम अपेक्षेपेक्षा मर्यादित राहिल्याचे पुढे विल्यम ब्राऊन आणि मायकेल कोडी यांच्या अभ्यासातही दिसून आले.

असाच अनुभव अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेबाबत आला होता. आर्ची बंकर या पूर्वग्रहदूषित पात्राची खिल्ली उडवणे हा तिचा उद्देश होता. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्चीचेच म्हणणे पटत होते. प्रेक्षक आपली मते बरोबर घेऊनच पडद्यासमोर बसतो आणि दिसणाऱ्या दृश्याचा अर्थ त्या मतांच्या आधारे लावतो, हे दोन खंडांतील या दोन अभ्यासांनी स्पष्ट केले.

एकत्र घडणाऱ्या दोन गोष्टी

परिणामांच्या संशोधनातील मूलभूत अडचण समजून घेण्यासाठी जॉर्ज गर्बनर यांच्या कामाकडे पाहावे लागेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील या संशोधकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी कार्यक्रमांतील हिंसेची पद्धतशीर मोजणी केली. जे लोक अधिक तास दूरचित्रवाणी पाहतात, त्यांना जग प्रत्यक्षाहून अधिक धोकादायक वाटते, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

१९७९ मध्ये अँथनी डूब आणि ग्लेन मॅक्डोनाल्ड यांनी कॅनडातील टोरांटो शहरात हा सिद्धांत तपासला. अधिक वेळ दूरचित्रवाणी पाहणारे लोक अधिक घाबरलेले असतात, हे त्यांनाही आढळले. परंतु त्या लोकांच्या वस्तीतील प्रत्यक्ष गुन्हेगारी विचारात घेताच हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. गुन्हेगारी अधिक असलेल्या वस्तीत राहणारे लोक संध्याकाळी घराबाहेर पडणे टाळत आणि दूरचित्रवाणी पाहत. त्यांच्या भीतीचे मोठे कारण रस्त्यावर होते.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांपैकी एक दुसरीचे कारण आहे असे ठरत नाही. अधिक कार्टून पाहणारी मुले अभ्यासात मागे असतील, तर त्याचे कारण कार्टून असेल, किंवा आईवडील दोघेही दिवसभर कामावर असणे हेही असेल. त्यामुळे पाहणारे आणि न पाहणारे यांची सरळ तुलना फसवी ठरू शकते.

दूरचित्रवाणी उशिरा पोहोचलेली गावे

या अडचणीवर संशोधकांनी शोधलेला एक मार्ग म्हणजे, दूरचित्रवाणी काही ठिकाणी आधी आणि काही ठिकाणी नंतर पोहोचली, या वस्तुस्थितीचा उपयोग करणे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका लहान गावात डोंगराळ भूरचनेमुळे १९७३ पर्यंत प्रसारण पोहोचले नव्हते. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावाची, दूरचित्रवाणी आधीपासून असलेल्या अन्य दोन गावांशी तुलना केली. गावाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला ‘नोटेल’ असे टोपणनाव दिले गेले. दूरचित्रवाणी आल्यानंतरच्या दोन वर्षांत तेथील मुलांच्या आक्रमक वर्तनात वाढ झाली आणि सार्वजनिक कार्यक्रमांतील सहभाग घटला, असे त्यांना आढळले.

दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना या बेटावर १९९५ मध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली. टोनी चार्ल्टन यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी तेथील मुलांचे अनेक वर्षे निरीक्षण केले. शाळेच्या मैदानावरील समाजविघातक वर्तनात वाढ झाल्याचे त्यांना दिसले नाही. मुलांवर लक्ष ठेवणारी कुटुंबे आणि एकमेकांना ओळखणारा लहानसा समाज यांमुळे हे घडले असावे, असे त्यांचे मत होते. माध्यम तेच असले तरी भोवतालचा समाज वेगळा असल्याने परिणामही वेगळा दिसला.

केबलचे आगमन आणि स्त्रियांचे स्थान

भारताबाबतचा या स्वरूपाचा बहुचर्चित अभ्यास रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील कुटुंबांची २००१ ते २००३ या काळात दरवर्षी पाहणी करण्यात आली होती. या तीन वर्षांत ज्या गावांमध्ये केबल दूरचित्रवाणी नव्याने पोहोचली, तेथील स्त्रियांच्या उत्तरांत होणारे बदल त्यांनी तपासले. पतीने मारहाण करणे समर्थनीय आहे असे मानण्याचे प्रमाण घटले, मुलगाच हवा ही इच्छा कमी झाली, घरातील निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला आणि प्रजननाचे प्रमाण कमी झाले, असे त्यांना आढळले. त्या काळातील लोकप्रिय मालिका शहरी, सुखवस्तू कुटुंबांच्या होत्या. कोणताही थेट उपदेश नसताना, वेगळ्या प्रकारचे आयुष्य डोळ्यांसमोर येण्याचा हा परिणाम असावा, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

या निष्कर्षांवर आक्षेपही घेतले गेले. स्त्रीने पाहणीत दिलेले उत्तर आणि तिच्या घरातील प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर असू शकते. मारहाण समर्थनीय नाही, असे बाहेरच्या व्यक्तीला सांगावे एवढेच कदाचित ती शिकली असेल, ही शक्यता संशोधकांनीही विचारात घेतली होती. पुढे वेगार्ड इव्हर्सन आणि रिचर्ड पामर-जोन्स यांनी याच माहितीचे पुनर्विश्लेषण करून तीवरून निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीवर प्रश्न उपस्थित केले. एखादा अभ्यास गाजला म्हणून त्यावरील चर्चा संपत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ब्राझीलमध्ये एलियाना ला फेरारा, अल्बर्टो चोंग आणि सुझान डुरिया यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ग्लोबो’ या वाहिनीचे प्रसारण देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वर्षी पोहोचले होते. १९६५ ते १९९९ या काळातील ११५ मालिकांचे विश्लेषण केले असता, ५० वर्षांखालील प्रमुख स्त्री पात्रांपैकी ७२ टक्के पात्रांना मूल नव्हते आणि २१ टक्के पात्रांना एकच मूल होते, असे आढळले. ज्या भागांत ही वाहिनी दिसू लागली तेथे जन्मदर अधिक घटला आणि गरीब घरांतील स्त्रियांमध्ये हा परिणाम अधिक होता. नवजात बालकांना मालिकांतील पात्रांची नावे ठेवण्याचे प्रमाणही या भागांत अधिक होते, त्यामुळे मालिका खरोखर पाहिल्या जात होत्या याला दुजोरा मिळाला.

मुलांच्या बाबतीत काय आढळले

मुलांवरील परिणामांचा विषय निघाला की अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगांचा उल्लेख हमखास होतो. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीला हवा भरलेल्या बाहुलीला मारताना दाखवले. नंतर मुलांनीही तेच केले. १९६३ च्या प्रयोगात चित्रफितीतील दृश्ये पाहूनही मुलांनी अनुकरण केले. मूल पाहून शिकते, हे या प्रयोगांनी दाखवले. परंतु आपटण्यासाठीच बनवलेल्या बाहुलीला मारणे आणि खऱ्या आयुष्यात दुसऱ्या मुलाला इजा करणे यांत मोठे अंतर आहे, तसेच प्रयोगातील परिणाम अल्पकाळाचा होता, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. पडद्यावरील हिंसा आणि दीर्घकालीन आक्रमकता यांचा संबंध किती, यावर तज्ज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत.

अभ्यासातील प्रगतीबाबतचे चित्रही सरळ नाही. अमेरिकेत १९४८ ते १९५२ या काळात नव्या केंद्रांना परवाने देणे थांबवण्यात आले होते, त्यामुळे काही शहरांत दूरचित्रवाणी उशिरा आली. मॅथ्यू जेंट्झकाउ आणि जेसी शपिरो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी दूरचित्रवाणी उपलब्ध असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांची तुलना केली. गुणांवर विपरीत परिणाम झाल्याचे आढळले नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नव्हती किंवा ज्यांच्या आईचे शिक्षण कमी होते, अशा मुलांना उलट थोडा लाभच झाला होता.

लहान मुलांसाठी विचारपूर्वक तयार केलेल्या कार्यक्रमांचा लाभ अधिक स्पष्टपणे दिसतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमाचे प्रसारण काही भागांत तांत्रिक कारणांनी नीट दिसत नसे. मेलिसा कार्नी आणि फिलिप लेव्हाइन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, जेथे ते नीट दिसत होते तेथील मुले शालेय जीवनात आपल्या वयाला योग्य अशा इयत्तेत असण्याची शक्यता अधिक होती. याच कार्यक्रमाची ‘गली गली सिमसिम’ ही भारतीय आवृत्ती २००६ मध्ये सुरू झाली.

या साऱ्या अभ्यासांतून एक उपयुक्त प्रश्न पुढे येतो. मूल दूरचित्रवाणी पाहत नसते, तर त्या वेळात त्याने काय केले असते? त्याऐवजी गोष्टी ऐकणे, खेळणे किंवा झोपणे घडले असते, तर हानी संभवते. घरात दुसरे काहीच उपलब्ध नसेल, तर चांगल्या कार्यक्रमाचा लाभ होऊ शकतो. अगदी लहान वयात मात्र खेळ, झोप आणि माणसांशी संवाद यांना पर्याय नाही. एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एका तासाहून अधिक नसावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केली. उपलब्ध पुराव्याचा दर्जा फारसा उच्च नसल्याचेही त्या वेळी नमूद करण्यात आले होते.

आकड्यांत न मावणारे अनुभव

काही परिणाम प्रश्नावलीतून हाती लागत नाहीत. त्यासाठी संशोधकाला प्रेक्षकांच्या घरात बसावे लागते. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसोबत दूरदर्शनच्या मालिका पाहिल्या व त्यांच्याशी झालेल्या संभाषणांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘महाभारत’ मालिकेतील द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रसंग पाहताना अनेक स्त्रियांना स्वतःच्या आयुष्यातील असुरक्षितता आठवली आणि पौराणिक कथेच्या आधारे त्या आपला संताप बोलू शकल्या, असे त्यांनी नोंदवले. मालिकेच्या निर्मात्यांनी ठरवलेल्या अर्थापलीकडचा हा अर्थ प्रेक्षकांनी स्वतः घडवला होता.

कर्क जॉन्सन यांनी १९९० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील खेड्यांत राहून दूरचित्रवाणीचा अभ्यास केला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात, माहिती अधिक लोकांपर्यंत पोहोचणे, उपभोगाची ओढ वाढणे, शहरी राहणीचे अनुकरण होणे आणि घरातील नात्यांची घडी बदलणे अशा अनेक प्रक्रियांचे वर्णन आहे. हिंदी आणि इंग्रजीचा वाढता प्रभाव, तसेच संच नसलेल्या कुटुंबांचे माहितीबाबत मागे पडणे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. एकाच गावात, एकाच पडद्यामुळे काहींची वाट मोकळी होत होती आणि काही जण अधिक दूर लोटले जात होते.

चिठ्ठी टाकून केलेली चाचणी

नव्या औषधाची चाचणी घेताना रुग्णांचे दोन गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पाडले जातात. एका गटाला औषध मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. हीच पद्धत आता मालिकांसाठीही वापरली जाते. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एलियाना ला फेरारा आणि व्हिक्टर ओरोझ्को यांनी नायजेरियात ‘शुगा’ या युवकांसाठीच्या मालिकेची अशी चाचणी घेतली. काही ठिकाणच्या तरुणांना एचआयव्हीविषयीचा संदेश असलेली ही मालिका, तर अन्य ठिकाणच्या तरुणांना दुसरी मालिका दाखवण्यात आली. आठ महिन्यांनी पाहिले असता, ‘शुगा’ पाहिलेल्यांमध्ये एचआयव्ही तपासणी करून घेण्याची शक्यता दुप्पट असल्याचे आढळले. कंडोमच्या वापरात मात्र फरक दिसला नाही. तपासणी हा एका व्यक्तीने एकदा घ्यावयाचा निर्णय असतो, तर कंडोमचा वापर दोघांच्या संमतीने आणि सातत्याने करावा लागतो. साइटच्या प्रयोगात उकळलेले पाणी आणि पीकपद्धती यांतील जो फरक लक्षात घ्यावा लागला, त्याची येथे आठवण होते.

निष्कर्ष वाचताना घ्यावयाची काळजी

‘संशोधनात सिद्ध झाले’ अशा शब्दांत येणाऱ्या बातम्या वाचताना काही प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. पाहणाऱ्यांची तुलना कोणाशी केली आहे? दोन्ही गट आधीपासूनच वेगळे होते का? मोजले काय, माहिती, मत की वर्तन? वर्तन मोजले असेल, तर ते प्रत्यक्ष पाहिले की लोकांनी सांगितलेले उतरवून घेतले? परिणाम कोणावर अधिक झाला? आणि तो किती काळ टिकला?

कार्यक्रमांवरील नियंत्रणाच्या चर्चेतही हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा, १९९५ अन्वये वाहिन्यांसाठी कार्यक्रम संहिता अस्तित्वात आहे. एखाद्या दृश्यामुळे समाजावर अनिष्ट परिणाम होईल, हा युक्तिवाद करताना तो परिणाम कोणावर आणि कोणत्या परिस्थितीत होईल हे स्पष्ट केले नाही, तर अनावश्यक बंदी घातली जाण्याची किंवा खऱ्या हानीकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

आज अनेक प्रेक्षक मोबाइलच्या पडद्यावर एकेकटे कार्यक्रम पाहतात. कोणी काय पाहिले, हे ठरवणेच संशोधकांना अवघड झाले आहे. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीचा कार्यक्रम संपल्यावर श्रोता मंडळातील शेतकरी बोलायला सुरुवात करत. त्या प्रयोगात सर्वाधिक ज्ञानवृद्धी झाली ती याच गावांत. घरातील मुलांबरोबर बसून कार्यक्रम पाहणे आणि नंतर त्याविषयी चार शब्द बोलणे यासाठी आजही कोणत्याही निधीची अथवा नियमाची आवश्यकता नाही.